पवनचक्की उभी राहण्याआधी: समुद्रतळावरचे न फुटलेले बॉम्ब कसे शोधायचे आणि त्यांचं काय करायचं

मी समुद्रतळाच्या सर्व्हेचा डेटा वाचते. उत्तर समुद्रात आणि बाल्टिकमध्ये पवनचक्क्या उभारायच्या आधी तळाशी महायुद्धांतले न फुटलेले बॉम्ब, पाणसुरुंग, टॉर्पेडो पडलेले नाहीत ना, हे तपासून जागा मोकळी करून द्यावी लागते. या कामात मी मॅग्नेटोमीटरच्या (चुंबकक्षेत्रातल्या फरकावरून लोखंड ओळखणाऱ्या यंत्राच्या) रेषा तपासण्यापासून सुरुवात केली आणि आता प्रकल्पाच्या मालकाच्या वतीने जहाजावर बसून ठेकेदाराचं काम बघते. मराठी बोलणारी बरीच तरुण मंडळी या क्षेत्रात येत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. प्रत्यक्ष स्फोटकाला हात लावणं हे परवानाधारक बॉम्बनिकामी तज्ज्ञांचंच काम. मी लिहिते आहे ते त्याआधीच्या, त्याच्या बरोबरीच्या आणि त्यानंतरच्या कामाबद्दल.

आधी एक समजून घ्या. एवढा खर्च करून शेवटी हातात येतो तो सही केलेला एक कागद. त्यावर लिहिलेलं असतं की अमुक हद्दीत, तळाखाली अमुक मीटरपर्यंत, अमुक आकारापेक्षा मोठं स्फोटक असण्याचा धोका शक्य आणि व्यवहार्य तितका कमी केलेला आहे. या तत्त्वाला सगळे ‘अलार्प’ म्हणतात. ‘धोका शून्य’ असं कोणताही जबाबदार माणूस लिहून देत नाही. पहिल्या दिवसापासून जे जे कराल ते त्या कागदावरची कोणती ओळ भक्कम करतं, हे स्वतःला विचारत राहा. त्याने अर्धे वाद जागेवर मिटतात.

ऐंशी वर्षांनंतरही जिवंत?

हो. नव्या माणसांना हे पटत नाही, म्हणून सुरुवातीलाच सांगते. पोलादी कवच गंजतं, पण आतली टीएनटीसारखी दारू समुद्राच्या पाण्यात दशकानुदशकं तशीच राहते. बॅटरीवर चालणाऱ्या फ्यूजची, म्हणजे स्फोट घडवणाऱ्या यंत्रणेची, बॅटरी कधीच मेलेली असते हे खरं. पण शिंगांच्या पाणसुरुंगाचं तसं नाही. त्याच्या मऊ धातूच्या शिंगात आम्लाची काचेची नळी असते. शिंग वाकलं, नळी फुटली की आम्लामुळे तिथल्या तिथे वीज तयार होते. त्याला जुन्या बॅटरीची गरजच नसते.

एप्रिल २००५ मध्ये उत्तर समुद्रात एका डच मासेमारी नौकेच्या जाळ्यात बॉम्ब आला आणि स्फोटात तीन मच्छीमार गेले. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडच्या क्रोमरजवळ खेकडे पकडणाऱ्या ‘गॅलवाड-वाय-मोर’ या नौकेखाली तळावरचं स्फोटक फुटलं आणि खलाशी गंभीर जखमी झाले. त्यांनी बॉम्बला हातही लावला नव्हता, फक्त पिंजऱ्यांची दोरी ओढत होते. आपण तर त्याच तळावर मोनोपाइल (पवनचक्कीच्या पायाचा जाड पोलादी खांब) ठोकणार, जॅक-अप जहाजाचे (तळावर पाय टेकवून उभं राहणाऱ्या जहाजाचे) पाय रुतवणार आणि केबलसाठी चर खणणार.

पहिलं काम अभिलेखागारात

समुद्रावर जहाज नेण्याआधी कागद उपसा. ब्रिटिश हवाई दलाच्या नोंदी लंडनमधल्या क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत, जर्मन लष्कराच्या फ्रायबर्गच्या लष्करी अभिलेखागारात. आपल्या हद्दीत किंवा आसपास कोणी, केव्हा, काय टाकलं हे शोधायचं असतं.

ब्रिटिश बॉम्बर विमानांनी दुसऱ्या महायुद्धात ४५ हजारांहून जास्त पाणसुरुंग पेरले. त्या मोहिमांना ‘गार्डनिंग’ असं सांकेतिक नाव होतं आणि प्रत्येक भागाला फुलाचं, भाजीचं, फळाचं, झाडाचं किंवा समुद्रातल्या जिवाचं. कीलचा भाग म्हणजे ‘फर्गेट-मी-नॉट’, फ्रिजियन बेटांचा ‘नेक्टरिन’. नोंदवहीत ही नावं आली की दचकू नका, पण दुर्लक्षही करू नका. ऑर्कनी ते नॉर्वे पट्ट्यात काम असेल तर १९१८ सालचा अडथळा लक्षात घ्या: तिथे ७० हजारांहून जास्त पाणसुरुंग टाकले होते. युद्धानंतर ते झाडून काढले, तरी सगळेच गेले असं धरून चालता येत नाही, आणि त्यांचे लोखंडी नांगर-पेटारे तर तळाशीच राहिले.

पेरलेल्या सुरुंगांखेरीज विमानांनी परतीच्या वाटेवर समुद्रात सोडलेले बॉम्ब असतात. यांची नोंद बहुधा ‘समुद्रावर सोडले’ एवढीच, त्यामुळे ते कुठेही सापडू शकतात. आणि युद्ध संपल्यावर मुद्दाम बुडवलेला साठा: एकट्या जर्मनीच्या हद्दीतल्या समुद्रात सुमारे १६ लाख टन पारंपरिक दारूगोळा असल्याचा अंदाज आहे. नकाशावर बुडवण्याच्या जागेभोवती नीटस चौकट आखलेली असते, तिच्यावर विसंबू नका. बरेच जहाजवाले ठरलेल्या जागी पोचण्याआधी वाटेतच माल टाकून परतत. म्हणून बंदरापासून त्या चौकटीपर्यंतचा सगळा मार्ग संशयित धरायचा. बाल्टिकमध्ये बॉर्नहोमच्या आसपास तर मस्टर्ड गॅसचा साठा बुडवला आहे. तिथे काम असेल तर डेकवर रासायनिक संरक्षणाची वेगळी तयारी लागते, आणि तळातून वर आलेल्या वस्तूला आणि गाळाला कोणी उघड्या हाताने शिवायचं नाही.

हा अभ्यास केबलच्या मार्गासाठीही तितक्याच गंभीरपणे करा. बोर्कुम बेटाजवळच्या ‘रिफगाट’ प्रकल्पाची ३० जनित्रं ऑगस्ट २०१३ मध्ये तयार होती, पण किनाऱ्यापर्यंतच्या केबलच्या वाटेत जुना दारूगोळा निघाला आणि वीज जोडायला फेब्रुवारी २०१४ उजाडला. मधल्या काळात खाऱ्या हवेत यंत्रं खराब होऊ नयेत म्हणून पवनचक्क्या डिझेल जाळून फिरवाव्या लागल्या. आराखडा पक्का व्हायच्या निदान दोन हंगाम आधी दारूगोळ्याचा अभ्यास हातात असावा, असा आग्रह मी प्रत्येक प्रकल्पात धरते.

किती लहान वस्तू शोधायची, हे आधी ठरवा

अभ्यासातून संभाव्य वस्तूंची यादी निघते: २५० आणि ५०० पौंडी ब्रिटिश-अमेरिकी बॉम्ब, जर्मन ५० आणि २५० किलोचे, ब्रिटिश ‘ए’ मालिकेतले तळसुरुंग (दारू ३०० किलोहून जास्त), जर्मन एलएमबी पाणसुरुंग (दारू सुमारे ७०० किलो). यातली जी सर्वांत लहान वस्तू आपल्या जहाजाला किंवा माणसांना इजा करू शकते, ती आपली ‘किमान वस्तू’. आणि ती तळात किती खोल गाडली गेलेली असू शकते, हा तिचा जोडीदार प्रश्न. खोल पाण्यात विमानातून पडलेल्या बॉम्बचा वेग पाणीच मारतं, तो तळात फार घुसत नाही. पुढे प्रवाहाने त्याच्याभोवतीची वाळू उकरली जाते आणि तो स्वतःच्या खड्ड्यात बसत जातो, किंवा वाळूची लाट वरून सरकते. उथळ किनारपट्टीत मात्र तो पडतानाच खोल रुतलेला असू शकतो.

हे दोन आकडे, किमान वस्तू आणि खोली, करारात स्पष्ट लिहून घ्या. ते मोघम राहिले की पुढचं सगळं मोघम होतं.

सर्व्हे: उंची हीच सगळी गोष्ट

साइड-स्कॅन सोनार, म्हणजे ध्वनिलहरींनी बघणारं यंत्र, तळावर उघड्या पडलेल्या वस्तूची सावली दाखवतो. मल्टिबीम सोनार तळाचे उंचसखल भाग मोजतो. वाळूखाली गाडलेलं लोखंड मात्र मॅग्नेटोमीटरलाच कळतं, आणि या कामाचा कणा तोच आहे. चार-सहा सेन्सर एका आडव्या चौकटीवर दीड-दोन मीटरच्या अंतराने बसवून ती चौकट जहाजामागे तळालगत ओढतात.

पृथ्वीचं चुंबकक्षेत्र तिथे सुमारे ५० हजार नॅनोटेस्ला (चुंबकक्षेत्र मोजण्याचं एकक) असतं, आणि आपण शोधतो तो फरक कधी कधी पाच-दहा नॅनोटेस्लाचा. लोखंडी वस्तूची खूण अंतराच्या घनाच्या प्रमाणात कमी होते. एखादी वस्तू सेन्सरपासून २ मीटरवर ८० नॅनोटेस्ला दाखवत असेल, तर ४ मीटरवर तीच १० दाखवेल आणि ६ मीटरवर जेमतेम ३. अंतर म्हणजे सेन्सरची तळापासूनची उंची अधिक वस्तू गाडली गेलेली खोली. म्हणून करारात ‘उंची ३ मीटरपेक्षा जास्त नको’ असं लिहिलेलं असेल आणि एखाद्या रेषेवर, म्हणजे जहाजाच्या एका सरळ फेरीत, चौकट साडेतीन-चार मीटरवर गेली, तर त्या तुकड्यावर पुन्हा रेषा मारायची. ‘थोडंच तर वर गेलंय’ हे ऐकून घ्यायचं नाही. समुद्र खवळला की वरचं जहाज उसळतं, चौकट हेलकावे खाते. अशा वेळी काम थांबवायला सांगायचा अधिकार तुमच्याकडे असतो, तो वापरा.

सर्व्हेच्या पहिल्याच दिवशी नकली वस्तूची चाचणी घ्या. किमान वस्तूइतकी चुंबकीय खूण देणारा, दारू नसलेला पोलादी तुकडा माहीत असलेल्या जागी तळावर ठेवायचा आणि त्याच्यावरून, बाजूने, दोन सेन्सरांच्या बरोबर मधून, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम दोन्ही दिशांनी रेषा मारायच्या. सर्वांत वाईट स्थितीतही तो दिसला पाहिजे. नाही दिसला तर रेषांमधलं अंतर किंवा उंची कमी करा. या चाचणीशिवाय सुरू झालेल्या सर्व्हेवर मी सही करत नाही.

एक मोठी अडचण एलएमबीची. ६६ सेंटिमीटर व्यासाचा हा जर्मन पाणसुरुंग विमानातून पॅराशूटने सोडत, आणि त्याचं कवच अॅल्युमिनियमचं आहे. यादीतली सर्वांत जास्त दारू ज्याच्यात, त्याचीच चुंबकीय खूण सर्वांत फिकी, कारण लोखंड फक्त आतल्या काही भागांत असतं. एलएमबी संभवत असेल तिथे नुसत्या मॅग्नेटोमीटरवर भागत नाही. पल्स इंडक्शन पद्धतीचा सेन्सर लागतो, जो अॅल्युमिनियमही ओळखतो. तो तळाच्या अगदी जवळून न्यावा लागतो, वेळ खातो, पैसे खातो. तरी त्यावर काटकसर करू नका.

स्क्रीनसमोर

आता माझं आवडतं काम. स्क्रीनवर रेषा जवळजवळ सपाट चाललेली असते. मग एका सेन्सरवर ती वर जाते आणि लगेच खाली उतरते, शेजारच्या सेन्सरवर तेच, पण अर्ध्या उंचीचं, आणि तिसऱ्यावर नुसती हलकी लाट. म्हणजे वस्तू पहिल्या सेन्सरच्या जवळ आहे. आता उंचीपेक्षा रुंदी बघा: चढउतार अरुंद आणि टोकदार असेल तर वस्तू वर आहे, पसरट असेल तर खोल. एकच लोखंडी ठोकळा असेल तर धन आणि ऋण असा एक जोड स्वच्छ दिसतो. जुनी साखळी असेल तर असे लहान लहान जोड माळेसारखे ओळीत येतात. तारेचा दोर किंवा जुनी केबल असेल तर प्रत्येक रेषेला ती छेदून जाते आणि नकाशावर सलग पट्टा उमटतो. चुंबकीय खनिजांचा दगडगोट्यांचा तळ असेल तर सगळंच गढूळ दिसतं, त्यात स्वच्छ जोड शोधायला डोळा तयार व्हावा लागतो.

मग तीच जागा सोनारवर बघा, मल्टिबीमवर बघा. मॅग्नेटोमीटरवर जोरदार खूण आणि सोनारवर काहीच नाही, म्हणजे वस्तू गाडलेली आहे, आणि अशा टार्गेटला, म्हणजे तपासायच्या संशयित वस्तूला, मी यादीत नेहमी वरची जागा देते. सॉफ्टवेअर लोखंडाचं अंदाजे वजन काढून देतं, त्या आकड्याला वेदवाक्य मानू नका. वस्तू कशी पडली आहे, तिच्यात मूळचं चुंबकत्व किती उरलं आहे यावर तो आकडा कितीतरी पटींनी इकडेतिकडे होतो. कोणतं टार्गेट ठेवायचं आणि कोणतं गाळायचं याचे नियम सर्व्हेआधी लिहून ठेवा, आणि प्रत्येक गाळलेल्या टार्गेटपुढे कारण लिहा. ‘भंगार वाटतं’ हे कारण नव्हे. ‘लांबट, चार रेषांवर सलग, नकाशावरच्या बंद पडलेल्या केबलच्या वाटेवर’ हे कारण.

बहुतेक टार्गेट्स शेवटी भंगारच निघतात: नांगर, साखळ्या, जाळ्यांचे लोखंडी भाग, पाइप. त्यामुळे यादी लांबली की वरून दबाव येतो, कारण प्रत्येक टार्गेट उघडायचं म्हणजे जहाजाचे तास. अशा वेळी यादी कापण्याआधी दुसरा मार्ग बघा.

आधी वळसा घालता येतो का बघा

तो दुसरा मार्ग म्हणजे टार्गेटला हातच न लावणं. जनित्राची जागा काही मीटर सरकवता येते का, केबलला किंचित बाक देता येतो का, जॅक-अप जहाज पाय दुसऱ्या बाजूला टेकवू शकतं का? आराखडा गोठण्याआधी हे विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर ‘हो’ येतं. गोठल्यावर विचारलं तर ‘नाही’. टार्गेटभोवती मोकळं ठेवायचं वर्तुळ ठरवताना सर्व्हेतल्या जागेची चूक, काम करणाऱ्या यंत्राच्या जागेची चूक, वस्तूचा आकार आणि नांगर-दोर सरकण्याची शक्यता, या सगळ्यांची बेरीज करा. दुसऱ्या प्रकल्पातला आकडा उचलून लावू नका.

वळसा घातला म्हणजे वस्तू नाहीशी झाली असं मात्र नाही. वीस वर्षांनी केबल दुरुस्तीला येणाऱ्या जहाजाला ती जागा माहीत असली पाहिजे. म्हणून टाळलेल्या प्रत्येक टार्गेटची नोंद प्रकल्पाच्या कायमच्या नकाशात जाऊ द्या, आणि स्फोटक असल्याची खात्री झालेल्या वस्तूची माहिती त्या देशाच्या यंत्रणेकडे. हे काम कोणी मागत नाही म्हणून राहून जातं, आणि त्याची किंमत मच्छीमार मोजतात. मला हे फार लागतं.

उघडून पाहणं

जिथे वळसा शक्य नाही तिथे आरओव्ही, म्हणजे दूरनियंत्रित पाणबुडं यंत्र, खाली सोडतात. भरती-ओहोटीच्या मधला संथ पाण्याचा वेळ धरायचा, कारण प्रवाहात यंत्र स्थिर राहत नाही. उत्तर समुद्रात कॅमेऱ्याला अनेकदा हातभर अंतरापलीकडचं दिसत नाही. मग इमेजिंग सोनारवर आकार बघत जायचं. आधी सेन्सरने जागा पुन्हा पक्की करायची, मग शोषणपंपाने बाजूने वाळू काढत यायची. नळीचं तोंड वस्तूवर टेकवायचं नाही आणि वरून खड्डा पाडायचा नाही.

गाळ उडतो, पडदा पांढरा होतो, सगळे थांबतात. गाळ बसतो. वाळूतून एक गोलाई दिसते, वर शिंपल्यांचा थर. आता घाई करायची नाही. व्यास मोजायचा, उघडी लांबी मोजायची. गोलाईवर उचलण्याची कडी दिसते का, मागच्या बाजूला पंख किंवा त्यांची बैठक आहे का, टोक निमुळतं की सपाट? गॅसचा सिलिंडर, पिंप आणि बॉम्ब या तिघांची एका बाजूने बघितल्यास सहज गल्लत होते, म्हणून दुसऱ्या बाजूची वाळू काढल्याशिवाय निकाल द्यायचा नाही. बॉम्बनिकामी तज्ज्ञ तेच चित्र त्याच क्षणी बघत असतो आणि ओळख पटवण्याचा शब्द त्याचाच. तो ‘थांबा’ म्हणाला की यंत्र हळूच मागे घ्यायचं, जागा नोंदवायची, जहाज दूर न्यायचं, बंदीक्षेत्र जाहीर करायचं आणि तटरक्षक दलाला कळवायचं.

खोदून काहीच मिळालं नाही तर? इथे एक नियम कधीही मोडू नका: त्याच जागेवरून सेन्सर पुन्हा न्या. खूण गेली असेल तर बाहेर काढलेल्या भंगाराचीच ती होती, फोटो जोडून टार्गेट बंद करा. खूण तशीच असेल तर वस्तू अजून खाली आहे आणि टार्गेट उघडंच आहे, मग कितीही उशीर झालेला असो.

निकाली काढणं

पुढे काय करायचं हे त्या देशाच्या कायद्यावर ठरतं. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमध्ये नौदल येतं, ब्रिटिश पाण्यात प्रकल्पाने नेमलेला परवानाधारक ठेकेदार. वस्तू हलवण्याजोगी आहे असं तज्ज्ञाने ठरवलं तर ती सुरक्षित जागी नेता येते. नाहीतर दोन मार्ग उरतात.

जुना मार्ग म्हणजे शेजारी स्फोटक ठेवून सगळं उडवणं. नवा मार्ग डिफ्लॅग्रेशनचा: एक छोटा, दिशा दिलेला स्फोटक चार्ज कवचाला भोक पाडतो, आतली दारू जळत जाते आणि कवच फाटतं, पण पूर्ण स्फोट होत नाही. आवाज कितीतरी कमी होतो. नियंत्रित चाचण्यांत ध्वनिदाब २० डेसिबलच्या आसपास घटल्याचं मोजलं गेलं आहे. मी या मार्गाची बाजू उघडपणे घेते. तरी नियोजन नेहमी पूर्ण स्फोट होईल असं धरूनच करा. ऑक्टोबर २०२० मध्ये पोलंडच्या श्विनोउइश्चेजवळच्या जलमार्गात ५.४ टनांचा ‘टॉलबॉय’ बॉम्ब असाच जाळून निकामी करायला घेतला होता आणि तो फुटला. माणसं आधीच दूर नेली होती म्हणून कोणाला ओरखडाही आला नाही. बंदीक्षेत्र, पाण्यात उतरलेल्या डायव्हर मंडळींना बाहेर काढणं, जवळच्या पाइपलाइन आणि केबलचा विचार, हे सगळं पूर्ण वजनाच्या हिशोबाने.

डिफ्लॅग्रेशननंतर न जळलेल्या दारूचे तुकडे तळावर उरतात. आरओव्ही पुन्हा खाली पाठवून ते शोधायचे आणि गोळा करायचे. टीएनटी आणि त्यापासून बनणारी संयुगं विषारी आहेत. जर्मनीच्या किनाऱ्याजवळ दारूगोळा पडलेल्या भागातल्या शिंपल्यांमध्ये आणि माशांमध्ये ती सापडली आहेत. हा टप्पा वेळापत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर तो ‘वेळ उरला तर’ या खात्यात जातो.

पाण्यातल्या जिवांसाठी

हार्बर पॉरपॉइज हा डॉल्फिनच्या कुळाजवळचा लहान प्राणी कानावर जगतो. अंधाऱ्या पाण्यात वाट आणि भक्ष्य तो प्रतिध्वनीने शोधतो. स्फोटाने ऐकू येणं गेलं की तो फार काळ तगत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये बाल्टिकच्या फेमार्न पट्ट्यात, संरक्षित क्षेत्रात, ४२ ब्रिटिश तळसुरुंग उडवले गेले. नंतरच्या आठवड्यांत किनाऱ्याला मेलेले पॉरपॉइज लागले आणि तपासलेल्यांपैकी काहींच्या कानात स्फोटाच्या इजा होत्या. ब्रिटनमध्ये जानेवारी २०२५ च्या संयुक्त सरकारी भूमिकेने कमी आवाजाच्या पद्धतींनाच पहिली पसंती दिली आहे.

स्फोटाच्या दिवशी उजेड आणि शांत समुद्र हवा. ब्रिटिश मार्गदर्शनाप्रमाणे निरीक्षक किमान तासभर आधीपासून एक किलोमीटरच्या वर्तुळात बघतात, पाण्याखालच्या मायक्रोफोनवर ऐकतात, आणि प्राण्यांना दूर नेणारं ध्वनियंत्र लावतात. पूर्ण स्फोट टाळताच येत नसेल तर बुडबुड्यांचा पडदा: भोकं पाडलेली नळी तळावर वर्तुळात टाकून कॉम्प्रेसरने हवा सोडायची, म्हणजे बुडबुड्यांच्या भिंतीत धक्का बराच शोषला जातो. जोरदार प्रवाहात ही भिंत तुटते, तेव्हा प्रवाहाचा तक्ता बघून वेळ ठरवा. निरीक्षकाने ‘प्राणी दिसला’ म्हटलं की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून. तिथे कोणाचीही रदबदली चालू देऊ नका.

कागद आणि त्यानंतर

सगळी टार्गेट्स बंद झाली की अलार्पचा दाखला निघतो. सही करण्याआधी तीन गोष्टी ताडून बघा. दाखल्यातली हद्द बांधकामाच्या शेवटच्या आराखड्याशी जुळते का? मधल्या काळात कोणीतरी जॅक-अपचे पाय सरकवलेले असतात. दाखल्यातली खोली प्रत्यक्ष कामाच्या खोलीला पुरते का? आणि मुदत. वाळूच्या लाटा काही ठिकाणी वर्षाला कित्येक मीटर सरकतात, आणि जाळी ओढणाऱ्या नौका जुन्या वस्तू इकडून तिकडे नेतात. बांधकाम एक-दोन हंगाम लांबलं तर हलत्या तळावर पुन्हा सर्व्हे करावा लागेल, हे मालकाला आधीच लेखी कळवा.

दाखला मिळाल्यावरही जहाजावरच्या प्रत्येकाला, स्वयंपाक्यापासून क्रेनचालकापर्यंत, वस्तू सापडल्यास काय करायचं ते फोटोंसह समजावून सांगा. संशयास्पद काही नांगराला किंवा यंत्राला लागून वर येत असेल आणि अजून पाण्यात असेल, तर ते डेकवर घ्यायचं नाही. हळू तळाला सोडायचं, जागेवर बोया टाकायचा. डेकवर आलंच असेल तर हलू नये असं टेकवायचं, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर, ओलं ठेवायचं. शिंपले खरवडून बघायचे नाहीत, गंज घासायचा नाही. माणसं मागे घ्यायची, काम थांबवायचं आणि तटरक्षक दलाला वस्तूचा आकार, लांबी आणि नेमकी जागा सांगायची. फोटो काढायचा तर लांबून, झूम करून.